दमा म्हणजे नुसता स्नायूचा पेटका नाही, त्या फॉरवर्डवर विसंबून पंप बंद करू नका

गेल्या दोन आठवड्यांत एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपवर आलाय आणि काल मामी फोनवर सहज म्हणाली की तिने तो वाचून रोजचा पंप (सूज उतरवणारा, स्टेरॉइडचा) बंद केला, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही म्हणून हे लिहितेय. मी कॉलेजात फिजिओलॉजी शिकवते आणि मला स्वतःला लहानपणापासून दमा आहे. फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: दमा म्हणजे श्वासनळीच्या स्नायूला येणारा पेटका, निळा पंप मारला की तो सुटतो, काम संपलं. सूज वगैरे औषधं खपवायला सांगतात. स्टेरॉइडच्या पंपाची सवय लागते, मुलांची उंची खुंटते. बरं वाटत असेल तर बंद करा, आणि पंपापेक्षा गोळी सौम्य.

१) "दमा म्हणजे पेटका."
अर्धं खरंय, म्हणूनच लोकांना पटतं. श्वासनळ्यांभोवती स्नायू असतो, तो आवळला की धाप लागते, छातीत शिट्टी वाजते. पण हा स्नायू सगळ्यांनाच असतो ना? मग धूळ उडाली की शेजारच्याला नुसती शिंक येते आणि माझी छाती का कोंडते? मेथाकोलिन नावाचं औषध श्वासातून ओढायला देऊन एक टेस्ट करतात, त्यात निरोगी माणसाच्या श्वासनळीला ज्या डोसने काही होत नाही त्याच्या कितीतरी कमी डोसला दमेकऱ्याची आवळते. आणि त्याच माणसाने काही आठवडे स्टेरॉइडचा पंप घेतला की तेवढंच आवळायला जास्त डोस लागतो. स्टेरॉइड काही थेट स्नायू सैल करणारं औषध नाही, ते सूज उतरवतं. म्हणजे स्नायूचा हा चिडकेपणा बऱ्याच अंशी सुजेतून येतो.

कसा येतो तेही सांगते. सुजलेल्या श्वासनळीत मास्ट पेशी आणि इओसिनोफिल या ॲलर्जीत पुढे असणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी जमतात. मास्ट पेशींतून हिस्टामीन आणि ल्युकोट्राइन ही रसायनं बाहेर पडतात, आणि श्वासनळी आवळण्यात ल्युकोट्राइन डी४ हे हिस्टामीनपेक्षा सुमारे हजारपट जोरदार. इंटरल्युकिन-१३ सारखे सुजेचे निरोप स्नायूतल्या यंत्रणेलाच बदलतात, पेशीत कॅल्शियम तेवढंच वाढलं तरी स्नायू जास्त जोराने आवळतो. शिवाय स्नायूला आवळ म्हणून सांगणाऱ्या नसेवर एक ब्रेक असतो, इओसिनोफिलमधलं एक प्रोटीन तो ब्रेकच निकामी करतं. २००२ मध्ये इंग्लंडातल्या लेस्टरच्या डॉक्टरांनी एक फार सुंदर गोष्ट दाखवली: इओसिनोफिलिक ब्राँकायटिसच्या पेशंटांनाही खोकला असतो, इओसिनोफिलही असतात, पण त्यांची श्वासनळी अशी चिडकी नसते. दोघांत मोठा फरक हा सापडला की दमेकऱ्यांमध्ये मास्ट पेशी थेट स्नायूतच घुसून बसलेल्या होत्या! मला हे शिकवताना दरवेळी अंगावर काटा येतो.

आणि नळी अरुंद होते ती फक्त आवळल्याने नाही, आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ साचतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा साधारण १६ पट होतो, त्यातल्या सुजेच्या वाट्याला निळा पंप हातही लावत नाही.

२) "निळा पंप मारला की काम संपलं."
निळ्या पंपातलं सालब्युटामॉल काही मिनिटांत स्नायू सैल करतं आणि ४ ते ६ तास टिकतं, जीव वाचवणारं औषध आहे, त्याच्याविरुद्ध माझं काहीच नाही. पण ॲलर्जीचा झटका बऱ्याचदा दोनदा येतो. पहिला लगेच, आणि दुसरा ३ ते ८ तासांनी, पेशी गोळा होऊन सूज चढल्यावर. मी कॉलेजात असताना दिवाळीआधी माळा साफ केला, संध्याकाळी दोन पफ घेतले, मोकळं वाटलं म्हणून निवांत झोपले आणि रात्री एकला खिडकीच्या गजाला धरून श्वास ओढत होते, आई घाबरून नुसती पाठ चोळत होती. रोजचा पंप तेव्हा मी कंटाळून सोडला होता. हा दुसरा झटका आधी मारलेल्या निळ्या पंपाने टळत नाही, आणि तो रोखायला जे लागतं तेच मी सोडलं होतं.

३) "स्टेरॉइडची सवय लागते."
बंद केल्यावर त्रास परत येतो कारण सूज परत येते, बीपीची गोळी सोडली की बीपी चढतं तसंच. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, बुडेसोनाइड या पंपातल्या स्टेरॉइडचा कमी डोस दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम. दमा बिघडल्यावर देतात ती प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी बहुतेकदा दिवसाला ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४० हजार मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी आहेत, आकडे सरळ तोलता येत नाहीत, पण पंप सोडून वारंवार त्या गोळ्यांवर जाणं हाडांना जास्त महागात पडतं. उंचीचं म्हणाल तर अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात लहानपणी वर्षानुवर्षं बुडेसोनाइड घेतलेली मुलं मोठेपणी सरासरी १.२ सेंटीमीटर बुटकी निघाली. हे लपवायचं कारण नाही. आवाज बसतो, तोंडात पांढरी बुरशी येते हेही खरं, म्हणून स्पेसर (पंपाला लावायची पोकळ नळी) वापरायचा आणि नंतर चूळ भरायची.

४) "बरं वाटतंय तर बंद करा."
याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. बरं वाटतं ते पंपामुळेच. कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये ३० हजारांहून जास्त पेशंटांचा अभ्यास २००० साली छापून आला, त्यात वर्षभरात वापरलेल्या स्टेरॉइड पंपाच्या प्रत्येक जादा डब्यामागे दम्याने मरण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि पंप बंद केल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मृत्यू जास्त होते. ब्रिटनमध्ये २०१४ ला दम्याच्या मृत्यूंची तपासणी झाली, ज्यांचे आकडे मिळाले अशा १६५ जणांपैकी ६५ जणांना आधीच्या वर्षात १२ पेक्षा जास्त रिलीव्हर, म्हणजे निळ्यासारखे तात्पुरता आराम देणारे पंप लिहून दिले होते. २०१९ पासून जीना (GINA) या दम्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या जागतिक मार्गदर्शक सूचना मोठ्यांना आणि वयात आलेल्या मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका असंच सांगतात. डोस कमी करता येतो, पण तीनेक महिने दमा काबूत राहिल्यावर आणि डॉक्टरांना विचारून.

५) "गोळी सौम्य."
सालब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे १०० मायक्रोग्रॅमचे ४० पफ, तेही रक्तातून सगळ्या अंगभर. हात थरथरतात, छाती धडधडते.

मामी, उद्या सकाळी रोजचा पंप पुन्हा सुरू कर आणि डॉक्टरांना फोन करून सांग की मधले दिवस चुकलेत. त्याचा पूर्ण परिणाम यायला काही आठवडे जातात, दोन दिवसांत सोडू नकोस. निळा पंप पर्समध्ये राहू दे, पण तो लागला की कॅलेंडरवर खूण कर, आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त खुणा झाल्या तर दाखवायला जा. आणि बोलताना एक वाक्य धड पूर्ण होत नसेल तर निळ्या पंपाचे पफ घेत घेत सरळ हॉस्पिटल गाठ, मला नंतर फोन कर.