१ स्टार रिव्ह्यूला उत्तर: स्की मागे घसरत होती ती आमच्या चुकीमुळे

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्रीच वाचला, पण लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी तुम्ही परत केलेली स्कीची जोडी मला स्वतः तपासायची होती. इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, ताईंनी मिनियापोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कमध्ये २० किलोमीटरची क्लासिक क्रॉस-कंट्री स्की रेस (बर्फात आखलेल्या खाचांमधून चालल्यासारखे पाय सरकवत चढ-उतार पार करायची) केली, पहिलीच रेस, आमच्याकडे ३ क्लास केले, स्की आमच्याकडून भाड्याने घेतली आणि वॅक्सचे वेगळे २५ डॉलर दिले. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक चढावर स्की मागे घसरली, आम्ही स्वस्तातलं वॅक्स लावलं, सुरुवातीलाच शेवटच्या गटात उभं केलं, ३ तास ४० मिनिटं लागली आणि "हा खेळ आपल्या लोकांचा नाहीच, कोणी पैसे वाया घालवू नका".

स्की घसरली हे शंभर टक्के खरं आहे आणि त्यात चूक आमची आहे. सोमवारी सकाळी दुकानात ती जोडी सपाट फळीवर ठेवली, आमच्याकडे काम करणारी एक मुलगी साधारण तुमच्याच वजनाची आहे, तिला वर उभं केलं आणि पायाखाली साधा कागद सरकवला. दोन्ही पायांवर उभं राहिल्यावर कागद सहज सरकायला हवा आणि सगळं वजन एका पायावर टाकलं की तो दाबून अडकायला हवा, कारण क्लासिक स्की मध्यभागी कमानीसारखी उचललेली असते आणि चढाला पकडणारं वॅक्स त्या कमानीखाली असतं. ती एका पायावर उभी राहिली तरी कागद सुळकन बाहेर आला. म्हणजे स्की तुमच्या वजनाला फारच कडक होती, तुम्ही कितीही जोर लावला असता तरी वॅक्स बर्फाला नीट टेकलंच नसतं. ही टेस्ट भाड्याने देतानाच करायची असते, शनिवारच्या गर्दीत आमच्याकडून राहून गेली आणि फॉर्मवरचं वजन बघून अंदाजाने जोडी दिली गेली. मला हे वाचून नाही, तो कागद हातात आल्यावर जास्त वाईट वाटलं.

दुसरी चूक माझी स्वतःची. सकाळी ७ ला १९ डिग्री फॅरेनहाइट (साधारण उणे ७ सेल्सियस) होतं म्हणून मी थंडीसाठीचं कडक निळं वॅक्स लावलं, साडेदहाला ऊन पडून ३४ (साधारण १ सेल्सियस) झालं, तेवढ्यात ते नीट पकडत नाही. मशीनने बनवलेला बर्फ खरखरीत असतो, वॅक्स घासून काढतो, खाली बाइंडरचा, म्हणजे वॅक्स धरून ठेवणारा, थर दिला असता तर ते जास्त टिकलं असतं, मी तो दिला नाही. आणि निदान मऊ वॅक्सची डबी आणि ते घासून बसवायचा कॉर्क तरी तुमच्या खिशात द्यायला हवा होता, जुने लोक रेसमध्ये घेऊनच जातात, पाच मिनिटं थांबून परत लावतात. नवीन माणसाला हे कुठून माहीत असणार, सांगायचं काम आमचं होतं.

स्वस्तातल्या वॅक्सबद्दल मात्र तसं नाहीये. पूर्वीचं फ्लोरोवालं (फ्लोरिनची रसायनं घातलेलं) महागडं वॅक्स मिनेसोटात १ जानेवारी २०२५ पासून विकायलाच बंदी आहे, आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्येही ते चालत नाही, त्यातली रसायनं बर्फाबरोबर वितळून पाण्यात जातात आणि तिथेच राहतात. आणि ते स्कीच्या पुढच्या-मागच्या टोकांना लावायचं, वेगाने सरकण्यासाठीचं वॅक्स, चढावर पकडायचं काम त्याचं नव्हेच. शेवटचा गट पण आम्ही ठरवत नाही, आधीचा टाइम नसेल तर आयोजक तिथेच ठेवतात. पण तुमची तक्रार मला समजते, शेकडो लोक पुढे गेल्यावर ट्रॅक घासून गुळगुळीत होतो आणि चढ आणखीनच अवघड होतो.

आता ते शेवटचं वाक्य. ताई, मी त्या दिवशी शेवटच्या मोठ्या चढाशी उभा होतो. तुम्ही पाय फाकवून, हेरिंगबोन करत (स्कीची टोकं बाहेर वळवून), एकेक पाऊल उचलून वर आलात, ग्लोव्ह्ज ओले, चष्म्यावर वाफ, वर पोचल्यावर दोन सेकंद काठ्यांवर टेकलात आणि निघालात. न पकडणाऱ्या स्कीवर २० किलोमीटर म्हणजे जवळपास सगळं हातांच्या आणि पोटाच्या जोरावर ओढलेलं अंतर आहे, रोज स्की करणारे बरेच जण अर्ध्यात सोडतील. जगदीश सिंग २०१८ ला प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये भारताकडून १५ किलोमीटर स्की करून आला, कर्नाटकातल्या कोडगूची भवानी आज भारतासाठी क्रॉस-कंट्री करते, आणि कोडगूत तर बर्फ पडतच नाही. आपल्या लोकांचा खेळ नाही हे मी मान्य करणार नाही, आणि तुमच्या तोंडून तर नाहीच नाही.

स्कीचं भाडं आणि वॅक्सचे २५ डॉलर आज परत केलेत, दोन-तीन दिवसांत कार्डवर दिसतील. क्लासचे पैसे परत देत नाही, कारण ते शिकलेलं तुम्ही चढावर वापरलंत, पण चढाचा एक वेगळा क्लास माझ्याकडून, फुकट. यावेळी स्किन स्की देईन, खाली मोहेरची, म्हणजे शेळीच्या केसांची, बर्फाला पकडणारी पट्टी असते, वॅक्सची भानगड नाही, पारा वर-खाली होत असला की नवीन माणसाला तीच बरी. खरं तर तेव्हाच तीच द्यायला हवी होती. मार्चच्या पहिल्या दोन आठवड्यांत बर्फ असेपर्यंत कुठल्याही संध्याकाळी ५ नंतर या, फक्त आदल्या दिवशी मेसेज टाका. आणि स्टार बदलू नका, जे झालं ते झालंय.