भुलीत काय बोललो?

टेबलावर आडवं केल्यावर भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "कुठं राहता?" हाताच्या सुईतून दुधासारखं पांढरं औषध आत चाललं होतं आणि कोपरापर्यंत चुरचुरत होतं. मी म्हणालो, "हरिपूरला, संगमाच्या..." त्यापुढचा "अलीकडं" हा शब्द मी स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांना ऐकवला. मध्ये सव्वा तास गेला होता म्हणे. माझ्या हिशेबी मध्ये स्वल्पविरामसुद्धा नव्हता.

झोपेतून उठल्यावर आपण झोपलो होतो एवढं तरी कळतं. कूस बदललेली असते, उशी घामेजलेली असते. इथं काहीच नाही. तेवढ्यात पोटाला चार भोकं पाडून माझं पित्ताशय खड्यांसकट बाहेर काढलं होतं, आणि मी आपला पत्ताच सांगत होतो.

खड्यांपायी गेले तीन महिने मी तेलाला पारखा झालो होतो. वडा नाही, भजी नाही, आणि सांगलीत राहून भडंग नाही. हे शेवटचं डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं, आणि बायकोनं ते घटनेच्या कलमासारखं राबवलं. ऑपरेशनच्या सकाळी भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "रात्री शेवटचं काय खाल्लंत?" भुलीत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ नये म्हणून हे विचारतात. मी सांगितलं, "मऊ भात. अकराच्या आत सगळं आटपलं." बायको शेजारीच उभी होती. उत्तर खरं होतं, फक्त पूर्ण नव्हतं.

शुद्धीवर आलो तेव्हा आधी थंडी. चैत्रातलं ऊन बाहेर आणि मी दोन ब्लँकेटांखाली दात वाजवतोय. मग घसा. श्वासासाठी नळी घातलेली असते, तिनं तो खरवडून निघालेला. आणि मग उजवा खांदा! पोट बरं, पण खांदा ठणकत होता. शेजारचे आबा भेटायला आले, त्यांनी ऐकून मान हलवली. "आपरेशन पोटाचं आन् खांदा दुखतोय व्हय? नीट बघून केलंय न्हवं त्यांनी?"

डॉक्टरांनी समजावलं, की दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवतात. थोडा वायू आत राहतो, तो छाती-पोटामधल्या पडद्याला डिवचतो, आणि त्या पडद्याची नस खांद्याच्या नसांशी गाठ मारून बसलेली असल्यानं बोंब खांदा मारतो. आबांना हे लगेच पटलं. हरिपुरात हळद साठवायची जमिनीखालची पेवं पाहिलेल्या माणसाला कोंडलेल्या वायूबद्दल काही शिकवावं लागत नाही. "पेव उघडलं की लगीच उतरायचं नसतं," ते डॉक्टरांनाच म्हणाले, "आधी वारा जाऊ द्यायचा." त्यानंतर दोन दिवस माझ्या घरादाराला एकच चिंता होती. सिस्टर विचारायच्या, "गॅस पास झाला का?" सासूबाई फोनवरून विचारायच्या, "वारा सरला का?" सरला तेव्हा मुलानं ती बातमी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली. तीन मावश्यांनी हात जोडले.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. शुद्धीवर येताना मी अर्धा तास बोलत होतो, आणि त्यातलं मला एक अक्षर आठवत नव्हतं. भुलीआधी एक औषध देतात, त्यानं पुढचं लक्षात राहत नाही. तोंड चालू, नोंद बंद. सभा रंगात आलेली आणि इतिवृत्त लिहिणारा चहाला गेलेला.

मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही सतराचा पाढा म्हटलात. सतरा साते एकशे एकोणीस अगदी बरोबर." मी जागेपणी तिथंच अडकतो. मुलगा म्हणाला, "पप्पा, तुम्ही डॉक्टरांना विचारलं की रिकामं पोट फुगवायचे वेगळे पैसे लावलेत का." मेहुण्याला नाटकाचं वेड आहे, त्यानं यावर एक भाषणच दिलं. ईथरच्या भुलीचा गाजलेला जाहीर प्रयोग बोस्टनला झाला 1846 मध्ये, पण आमच्या विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सांगलीत केलं 1843 मध्ये. म्हणजे माणसाला भान विसरायला लावण्यात सांगली बोस्टनच्या तीन वर्षं पुढं! भाषण चांगलं होतं. मी त्या वेळी उलटीसाठी ट्रे मागत होतो.

वॉर्डातल्या मावशी मात्र भारावल्या होत्या. "लई देवभक्त माणूस हाय," त्या बायकोला म्हणाल्या. "एवढ्या गुंगीत पण गणपतीच्या मखराचीच काळजी. मखराचं खोकं, मखराचं खोकं, एकसारखं."

मी बायकोकडं पाहिलं. ती सलाइनकडं पाहत होती.

"मी अजून काय बोललो गं?"

"काही नाही. पडून राहा."

घरी सोडताना बजावलं होतं, चोवीस तास गाडी चालवायची नाही, कुठं सही करायची नाही, महत्त्वाचे निर्णय घ्यायचे नाहीत. पहिल्या दोन गोष्टी दुसऱ्या दिवशी सुटल्या. तिसरी बायकोनं स्वतःच्या अधिकारात वाढवून घेतली.

चौथ्या दिवशी आबा पुन्हा आले. डॉक्टरांनी बाटलीत घालून दिलेले खडे त्यांनी उजेडात धरून पाहिले आणि हळकुंडं पारखावीत तसे "बारीक हायत" म्हणून परत ठेवले. माझ्यापुढं मऊ भात आला. आबांपुढं बशी आली. लालभडक, लसूण खमंग तळलेला, शेंगदाणे ठासून. वास मी डोळे मिटून ओळखला असता.

"झ्याक हाय भडंग," आबा म्हणाले. "कुठनं आणलंसा?"

"आणलं नाही, आबा. घरातच होतं. मखराच्या खोक्यात, अर्धा किलो," बायको म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "अहो, तुम्हाला काही आठवतंय का?"

"छे," मी म्हणालो आणि भात कालवला. "भुलीत काही आठवत नसतं."