फक्त दहा वर्षं

परवा आजोळच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मामांचा मेसेज आला. सोलापुरात कुठल्यातरी चौकात रस्ता खोदून ठेवलाय त्याचा फोटो, आणि खाली ओळ, "या देशाला फक्त दहा वर्षं हिटलर पाहिजे, सगळे सुतासारखे सरळ येतील." पाच मिनिटांत चौदा अंगठे. त्यात एक माझ्या सख्ख्या मावशीचा, जिला झुरळ मारतानासुद्धा डोळे मिटून घ्यावे लागतात.

मी तेव्हा इथे जर्मनीत, डुट्झेंडटाइश तळ्याला एक चक्कर पळून बाकावर बुटाची नाडी बांधत बसलेलो आणि समोर तळ्यापलीकडे नाझींचा काँग्रेसहॉल. न्युरेंबर्गात राहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, आमच्यासाठी ती पार्किंग मिळते ती जागा. पन्नास हजार माणसं बसतील असं सभागृह बांधायला घेतलं होतं, युद्ध सुरू झालं, छत काही पडलं नाही, ते आजतागायत तसंच उघडं बोडकं उभं आहे. मी काहीच न लिहिता त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. मामांचं उत्तर, "वा, काय भव्य! बघ, याला म्हणतात काम." आता यांना काय सांगायचं, मामा, हा त्यांचा खोदून ठेवलेला रस्ताच आहे हो, जरा मोठा.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. आधी रस्त्यांचं बघू कारण मामांचा पहिला मुद्दा कायम हिटलरचे ऑटोबान, म्हणजे हायवे. कोलोन ते बॉन हा पहिला पट्टा ६ ऑगस्ट १९३२ ला सुरू झाला आणि फीत कापली कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी, म्हणजे हिटलर खुर्चीवर बसायच्या आधी जवळपास सहा महिने. नाझींनी सत्तेत आल्यावर त्या रस्त्याचा दर्जाच कमी केला, का तर पहिला मान आपल्याला पाहिजे. तयार कामावर आपली पाटी लावणं हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. दुसरी ती लोकांची गाडी, फोक्सवॅगन. दर आठवड्याला पाच मार्क भरा, ९९० मार्कांत गाडी घ्या. जवळपास ३ लाख ३६ हजार लोकांनी कार्डावर स्टँप चिकटवले आणि एकाही माणसाला त्या स्कीममधून गाडी मिळाली नाही, कारखाना लष्कराच्या कामाला लागला. आपल्या गावात एखादी पतपेढी बुडाली तर मामा चार महिने शिव्या घालतात.

बेकारी कमी झाली हे खरं आहे, नाही कशाला म्हणू. १९३३ च्या सुरुवातीला साठ लाख बेकार होते, पाच-सहा वर्षांत माणूस मिळेना अशी अवस्था आली. पण कशी ते बघा ना. लग्नाचं कर्ज देऊन बायकांना नोकरीतून घरी बसवलं, ज्यूंना सरकारी नोकऱ्यांमधून काढलं, मार्च १९३५ ला सक्तीची लष्करभरती आणली, आणि उरलेले तोफा-विमानांच्या कारखान्यात. त्याचे पैसे? एक नावापुरती कंपनी काढून तिच्या नावावर हुंड्या फिरवल्या, मेफो हुंड्या, १२ अब्ज मार्कांच्या. म्हणजे हिशोबाच्या वहीत कर्ज दिसतच नाही. अशी हुंडी फेडायची वेळ आली की शेजाऱ्याची तिजोरी लागते, आणि मार्च १९३८ ला सैन्य व्हिएन्नात शिरल्यावर तिथल्या बँकेतलं सोनं बर्लिनला आलंच. मामांच्या फॉरवर्डमध्ये हुकूमशहा वेगळा आणि महायुद्ध वेगळं असतं, जणू पहिल्या भागात थांबता आलं असतं. ती उधारीच अशी होती की लढाई केल्याशिवाय सुटका नाही.

पण मला खरं टोचलं ते "फक्त दहा वर्षं". कारण इथे पण तसंच झालं होतं. २३ मार्च १९३३ चा तो कायदा, ज्याने संसदेला न विचारता कायदे करायची मुभा सरकारला मिळाली, तो कायमचा नव्हता. फक्त चार वर्षांसाठी होता, १ एप्रिल १९३७ पर्यंत, तारीख टाकून. बाजूने ४४४, विरोधात ९४, ते ९४ सगळे सोशल डेमोक्रॅट. कम्युनिस्ट खासदार आधीच आत नाहीतर पळालेले. बाकीचे जे होय म्हणाले ते सगळे काय गुंड होते का? त्यात चर्चला जाणारे, वकील, प्राध्यापक, मास्तर होते. चार वर्षं बघू, देशाची घडी बसेल, मग काढून टाकू असं म्हणणारी शहाणी माणसं. आणि मोकळ्या निवडणुकीत नाझींना जास्तीत जास्त मतं पडली होती ३७ टक्के, जुलै १९३२ ला, नोव्हेंबरात तर ती ३३ वर आली होती. बाकीच्यांनी दार उघडून आत घेतलं.

जगाने पण दारच उघडलं की. जपानने १९३१ ला मांचुरिया घेतला तेव्हा राष्ट्रसंघाने चौकशी समिती पाठवली, अध्यक्ष लॉर्ड लिटन, आपल्याकडे बंगालचे गव्हर्नर होते तेच. समितीचा अहवाल होईपर्यंत तिथे नवीन देश काढून झाला होता, आणि अहवाल आवडला नाही म्हणून जपान राष्ट्रसंघातूनच बाहेर. मग १९३५ ला मुसोलिनी इथिओपियात. त्याच्यावर निर्बंध घातले, यादीत तेल नाही. तेल सोडून निर्बंध म्हणजे दारुड्याला शेंगदाणे बंद. मग हिटलरचं सुरू, १९३६ ऱ्हाइनलँड, १९३८ ऑस्ट्रिया, म्युनिकला बसून चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा, मार्च १९३९ ला उरलेला प्राग. दर वेळी लंडन-पॅरिसात हेच, की आता एवढं दिलं की गप्प बसेल. आणि त्याच काळात, १९३८ ला, जपानशी लढणाऱ्या चीनमधल्या जखमींची सेवा करायला जे पाच भारतीय डॉक्टर गेले त्यातले द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे, परत आलेच नाहीत, १९४२ ला तिकडेच गेले. त्यांचं स्मारक असलेल्या गावात बसून मामा हिटलर मागतात. मी हे ग्रुपवर लिहिलं तर एकाने हात जोडलेले टाकले, कोटणीसांना की मला, कळलं नाही.

मामा मास्तर होते, गप्प बसत नाहीत. म्हणाले, "आणि चर्चिलने बंगालमध्ये लाखो मारले ते? सुभाषबाबू पण भेटले होते हिटलरला." बंगालच्या दुष्काळाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, ते म्हणतात ते बरोबर आहे, इथे ऑफिसात जेवताना मी पण हेच बोलतो आणि लोक ताटात बघतात. पण नेताजी मे १९४२ ला भेटले ते हिटलरने आपल्याबद्दल लिहून ठेवलेलं बदला म्हणून सांगायला पण. त्याने आत्मचरित्रात स्वच्छ लिहिलंय की हिंदुस्थान दुसऱ्या कुणाकडे जाण्यापेक्षा इंग्रजांकडेच राहिलेला बरा. आणि नोव्हेंबर १९३७ ला हॅलिफॅक्स भेटायला गेला तेव्हा, हाच माणूस पूर्वी आपला व्हाइसरॉय आयर्विन, त्याला हिटलरने सल्ला दिला की गांधींना गोळी घाला, नाही भागलं तर काँग्रेसच्या डझनभर पुढाऱ्यांना घाला. सुतासारखे सरळ म्हणजे कोण, आपणच की.

यावर मामांनी शेवटचा पत्ता टाकला. "तुला काय, तू तिकडचा."

हे मात्र लागलं. कारण मी तिकडचा पण नाही. पासपोर्ट अजून भारताचा आहे, सोडवत नाही, त्यामुळे इथे मत देता येत नाही. फेब्रुवारी २०२५ ला इथे उजव्या टोकाच्या पक्षाला २०.८ टक्के मतं पडली, दुसरा नंबर, त्या रात्री मी बायकोबरोबर टीव्ही बघत बसलो होतो मॅच बघितल्यासारखा. (हे मी ग्रुपवर सांगितलं नाही, मामांना आयतं कोलीत कशाला द्या.) आणि भारतात मत द्यायला स्वतः बूथवर जावं लागतं, निवडणुकीत रजा टाकून येणं काही जमलेलं नाही. म्हणजे हुकूमशाही कशी येते यावर मामांना लेक्चर देणारा हा माणूस गेल्या बारा वर्षांत कुठल्याच देशात मत देऊन आलेला नाही. मामा दर वेळी सकाळी सातला पहिल्या पाचात असतात, शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाकतात.

आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना झेपेलिनफेल्ड, नाझींच्या सभांचं मैदान, दाखवायला नेलं होतं. पायऱ्यांवर पोरं बिअर पीत बसलेली, एकजण मागच्या भिंतीवर टेनिसचा बॉल मारत होता. बाबा थेट त्या पुढे आलेल्या कठड्यावर जाऊन उभे राहिले जिथून भाषणं व्हायची, आणि "काढ फोटो" म्हणून त्यांनी हात वर केला. फक्त हाय करायला केला होता हो. मी धावत जाऊन तो खाली ओढला, एवढ्या जोरात की त्यांचं घड्याळ निसटलं. आईने विचारलं का रे ओरडतोस, मी म्हटलं असा हात वर केला की इथे पोलीस केस होते. कुणी बघत पण नव्हतं. बाबा दिवसभर गप्प होते, संध्याकाळी "ड्राय इम वेगला", म्हणजे इथले पावातले तीन सॉसेज, ते पण नको म्हणाले.

दरवर्षी सप्टेंबरात तिथे नाझींचं अधिवेशन भरायचं, आणि १९३९ चं २ सप्टेंबरला सुरू व्हायचं होतं, नाव काय ठेवलेलं माहितीये का, शांततेचं अधिवेशन. ऑगस्टच्या शेवटी रद्द केलं आणि १ सप्टेंबरला सैन्य पोलंडमध्ये. दोन दिवसांनी व्हाइसरॉय लिनलिथगोने आपल्याकडे कुणालाही न विचारता हिंदुस्थान पण युद्धात असल्याचं जाहीर करून टाकलं. हे सगळं टाइप केलं, पाठवायच्या आधी परत वाचलं, आणि तेवढ्यात मामांचाच फोटो आला.

आजोळच्या शोकेसमधली फ्रेम. काच नुकतीच पुसलेली दिसत होती. माझं प्रमाणपत्र, १९९५, आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा, द्वितीय क्रमांक, विषय "हिटलर : एक पोलादी पुरुष". खाली मामांनी लिहिलं होतं, "पुढच्या वेळी आलास की घेऊन जा, तिकडे भिंतीवर लाव."

मी नववीत होतो. भाषण मामांनीच लिहून दिलं होतं, फुलस्केपवर, लाल पेनाने जागा दाखवून, कुठे आवाज चढवायचा, कुठे हात उचलायचा. ऑटोबान पण होता त्यात. शेवटच्या वाक्याखाली कंसात लिहिलेलं, इथे थांब, टाळ्या येतील. थांबलो होतो, आणि आल्या होत्या.