शेततळ्याच्या भिंती उभ्या नसतात

‘३० × ३० × ३ मीटरचं शेततळं म्हणजे २७ लाख लिटर पाणी’, घनफळ शिकवायला तुमच्या लेखात दिलेलं हे उदाहरण झकास, पण हिशोब चुकलाय. काळ्या मातीत उभी भिंत टिकते कुठे, ढासळते! मीटरभर खोलीला चारही बाजूंनी दीड-दीड मीटर आत उतार धरा, तळ उरतो २१ × २१. पाणी जेमतेम १९.७ लाख लिटर.

रावेरकडे केळीच्या मळ्यातल्या तळ्यावर मी नववीची पोरं नेतो, तेही तळं कोरडं असताना. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवर, ते ओलं असलं की, पाय ठरत नाही. वरच्या नि तळाच्या क्षेत्रफळाची सरासरी घेऊन खोलीने गुणलं तरी ढोबळमानाने २०.१ लाख लिटर येतात. नववीला तेवढं पुरे. पुढच्या लेखात निदान उताराची आकृती तरी द्या.