आबांचा एकच ठोका

गेल्या रविवारी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या अलीकडे एका लिंबाखाली कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, लावली आणि मागचे दोन्ही जॅक मेले. कॅरॅव्हॅन मेहुण्याची, हौस मेहुण्याची. 2021 साली राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्याने हे वेड घेतलंय. खाली मातीत लोळायला मात्र मी, कारण मी कधीकाळी आयटीआय केलंय आणि सासरवाडी ते विसरायला तयार नाही.

ट्रेलर टायर आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर उभा, त्यामुळे आत कुणी कूस बदलली तरी अख्खं घर डुलतं. ते डुलू नये म्हणून कोपऱ्यांना चार पाय, तेच हे जॅक. बटण दाबलं की बारा व्होल्टची मोटर पाय खाली सोडते. मोटर बिघडली तर हाताने फिरवायला षटकोनी टोकही दिलेलं असतं. त्याचं हँडल मेहुण्याने "उगाच वजन" म्हणून घरी ठेवलं होतं. बार्बेक्यूची शेगडी तेवढी आणली होती. खानदेशातल्या उन्हाळ्यात, शेगडी! आत शेवभाजी वाढून झाली होती आणि कुणी उठलं-बसलं की तर्री ताटाबाहेर.

तेवढ्यात बांधावरून आबा आले. पांढरी टोपी, हातात काठी, आणि दिवसभर दुसरं काही काम नसल्याची प्रसन्नता.

"हाई काय शे भाऊ?"

"जॅक आहे आबा."

"गाडीले पाय कसाले लाया? चाकं शेतस ना!"

"गाडी हलू नये म्हणून."

"मंग उचली दखाडा ना गाडी."

मी समजावलं, की हे जॅक उचलायचे नाहीत, नुसते टेकवायचे. उचलायला गेलं तर वाकतील. आबांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं तसं माझ्या सासऱ्यांनीही कधी पाहिलं नाही. ते बांधाकडे वळले आणि हाक मारली. दोन मिनिटांत पाच माणसं, एक शेळी. आबांनी त्यांना माझी ओळख करून दिली, "पुण्याना वायरमन शे."

मी पुण्याचा नाही. वायरमनही नाही.

मीटर लावला. बॅटरी 12.6 व्होल्ट, फ्यूज शाबूत, पुढचे जॅक सुरळीत. दोन मोटारी एकाच क्षणी ठरवून जळत नाहीत, म्हणजे दोन्हींचा सामाईक रस्ता कुठेतरी तुटलेला. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी मागच्या काळ्या वायरला लावली. रेझिस्टन्स अनंत! याच पाटणच्या परिसराशी भास्कराचार्यांचं नाव जोडलेलं आहे, त्यांच्या नातवाचा शिलालेख इथे आहे. शून्याने भागलं की अनंत येतं, हे ते बाराव्या शतकात सांगून गेले. रेझिस्टन्स म्हणजे व्होल्टेज भागिले करंट. करंट शून्य, म्हणून व्होल्टेज भागिले शून्य. नऊशे वर्षांपूर्वीचं गणित माझ्या छातीवर गंज सांडत सिद्ध होत होतं आणि वर शेळी माझी चप्पल चघळत होती.

काळी वायर चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडणारा अर्थिंगचा स्क्रू सापडला. रंगातून करंट जात नाही, आणि हा चासीच्या रंगाच्या थरावरच पिळलेला, वर पार गंजलेला. लाखांत पैसे मोजायचे आणि कारखान्यात कुणाला स्क्रूखालचा रंग खरवडायचा कंटाळा! ग्राहक सेवेला फोन केला होता, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, बंद करून चालू करा." अशा उत्तरांसाठी वॉरंटी दोन वर्षांची.

पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला आणि स्क्रू आवळला. नेमकं त्याच क्षणी आबांनी वरून जॅकवर काठी हाणली आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. घर्रर्र करत पाय माझ्या कानाशेजारी उतरू लागला.

"आबा, बटण सोडा!"

"काय म्हनतस?" म्हणत त्यांनी आणखी जोरात दाबलं.

मी सरपटत बाहेर आलो तर टाळ्या चालू होत्या. आबांसाठी.

"एक ठोका दिधा नि सुरू व्हयनं," आबा सांगत होते. मेहुणा मान डोलवत होता. बायको म्हणाली, "अनुभव लागतो हो." तिने आबांना शेवभाजीचं ताट दिलं. माझं ताट होतं ते. स्क्रूबद्दल मी दोनदा सांगितलं, कुणी ऐकलं नाही. अजूनही घरी तो ठोकाच सांगितला जातो.

जेवण झाल्यावर आबांनी माझा मीटर काखेत मारला. "चला, मन्ही मोटर बी दखी ल्या."

विहिरीपर्यंत चालत गेलो. स्टार्टर उघडला, मीटर लावला. शून्य.

"आबा, लाईटच नाही."

"आते कथानी लाईट? रातले येस."

"मग आत्ता कशाला आणलंत?"

"थांबा ना रातभर," आबा म्हणाले. "आते ते तुमनी गाडीले पाय बी शेतस."