जुनी गाडी बाळगणाऱ्यांसाठी काही हिताच्या सूचना

आपल्या दारात १५ वर्षांची गाडी उभी असेल आणि ती अजूनही बिनतक्रार चालत असेल, तर ही त्रुटी लवकरात लवकर दूर करावी. जळगावपासून धुळ्यापर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना या कामी तत्पर असलेली गॅरेजे विपुल आहेत.

गाडी ठेवून घरी निघून यावे, कारण समोर उभे राहून काम पाहणे हा मिस्त्रीचा अपमान होय.

काढलेला जुना पार्ट परत मागू नये.

गाडी परत आल्यावर स्टेपनीच्या कडेवरील चार अंक वाचू नयेत. त्यांतील पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, आणि आपली स्टेपनी एका रात्रीत कित्येक वर्षांनी म्हातारी झालेली पाहून जिवाला उगाच घोर लागतो.

सर्वांत गुणकारी उपाय थर्मोस्टॅटचा. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकतो, गाडीचा काटाही लाल रेघेकडे जातो, आणि आपण गॅरेज गाठतो. तेथे इंजिन थंड करणारा पंखा फिरतो की नाही, हे कोणीही पाहत नाही. मिस्त्री थेट थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह उपटतो आणि ‘भाऊ, आपला खान्देशमा येनं काय काम शे?’ असे म्हणून भंगाराच्या डब्यात भिरकावतो. आपण मान डोलवावी. इंजिन लवकर तापावे म्हणून साधारण ८२ अंशांपर्यंत बंद राहणारा आणि मग उघडणारा तो व्हॉल्व्ह गेला, की सकाळी इंजिन बराच वेळ थंडच राहते आणि पेट्रोल जास्त पिते. मूळ बिघाड मात्र जागच्या जागी असतो. पुढे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, काढून बोअरचे पाणी भरले जाते आणि बिलात कूलंट लावले जाते. त्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, एके दिवशी अजिंठा चौफुलीच्या गर्दीत बोनेटमधून वाफ येते, इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याखालची सील म्हणजे हेड गॅस्केट जळते आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा फेस दिसू लागतो. मग हेड उतरवून फेसिंगला, म्हणजे सपाट करायला, लेथवाल्याकडे जाते. माझ्या वॅगनआरने हा संपूर्ण प्रवास केला. अखेरीस निघाले काय, तर पंखा चालू करणारा शेदोनशे रुपयांचा रिले! तो आधी तपासायला कोणाचा हात मोडला होता?

असो. विक्रीच्या वेळी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून तारीख कोरी सोडावी; गाडी कोणाकडेही गेली, तरी पोलिसांची नोटीस आपल्याच पत्त्यावर येत राहते.

किमतीची चिंता आपण करूच नये. विम्याच्या ठरलेल्या घसाऱ्याचा तक्ता पाच वर्षांशी संपतो, त्यापुढे गाडीची किंमत आपसांत ठरवायची असते. आणि आपसांत म्हणजे मिस्त्री आणि त्यानेच आणलेला गिऱ्हाईक यांच्यात. गिऱ्हाईक दारांवर बोटांची पेरे आपटून पोचे बुजवलेली पुट्टी शोधतो, पुनर्नोंदणीचे शुल्क कापतो (२०२२ च्या एप्रिलपासून ते ६०० वरून ५,००० रुपये झाले, हे त्याला तोंडपाठ असते), हरित कर कापतो, हेडच्या बोल्टांवरील पान्ह्याच्या खुणा पाहतो आणि गंभीर होऊन म्हणतो, ‘हेड खोलेल शे, भाऊ.’ हेड ज्याने खोलले तो शेजारीच उभा राहून मान हलवत असतो. नंतर हीच गाडी पॉलिश होऊन ‘एका डॉक्टरांनी वापरलेली’ म्हणून विकली जाते.

हा धंदा नव्हे, ही लबाडी आहे. ज्याला काटा का चढतो ते शोधता येत नाही, त्याने पान्हा हातात धरू नये. आणि आपणही कमी नाही: कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारे आपण हजारोंच्या बिलावर काय काय लावले आहे, हे न वाचताच पैसे मोजतो, वर ‘दादा ओळखीचे आहेत’ असे सांगत फिरतो. कसली ओळख? माझ्या गाडीचे हेड खोलणाऱ्याने त्याच हेडपायी माझी किंमत पाडली, आणि व्यवहार होताच दलालीसाठी हात पुढे केला.