भोसरीतल्या शेडचं पॅनल आणि लांबलेले दोन दिवस

साहेब, नमस्कार. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की गुरुवारच्या सुट्टीत मेन पॅनल हलवून देतो म्हणालो आणि पावर मिळाली शनिवारी संध्याकाळी, वर नव्या केबलचं बिल आलं, आणि 'जुनी केबल इतकी वर्षं चालली, तात्पुरतं चालू करा' हेही मी ऐकलं नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पॅनल गुरुवारी दुपारीच नव्या जागी बसलं होतं. जोडण्याआधी जुन्या केबलला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर लावला, तर पिवळ्या फेजचं अर्थशी (जमिनीशी) रीडिंग ०.२ मेगाओम; आकडा जितका कमी तितकी गळती जास्त. नियमाने किमान १ लागतं, आणि धडधाकट केबल शेकड्यांत दाखवते. ट्रेंच उघडली तर प्रेस मशीनच्या मागे केबलचा एक जुना जॉइंट निघाला. आत पाणी, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी. तुमच्या सुपरवायझरनी तो स्वतः पाहिलाय.

मग इतकी वर्षं चालली कशी? ४०० अँपिअरचा एमसीसीबी, म्हणजे पॅनलचा मेन ब्रेकर, बघतो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट. ओल्या जॉइंटमधून अगदी दोन-चार अँपिअर गळले तरी त्याला पत्ताही लागत नाही, आणि अशी गळती ओळखून मेन पाडणारा अर्थ फॉल्ट रिले तुमच्या पॅनलला नव्हता. उद्या अर्थिंग सैल झालं की तीच गळती मशीनच्या बॉडीवर येते. माणूस जायला अँपिअरचा दहावा हिस्सा पुरतो. पावसाळ्यात तुमच्या प्रेसजवळची फरशी ओली असते, तिथे पोरं उभी राहून काम करतात. ती केबल मी तासाभरासाठीही चालू केली नसती, आजही करणार नाही.

चुकलो ते दुसरीकडे. कोटेशन द्यायला आलो तेव्हा शिफ्ट चालू होती, म्हणून केबल न तपासताच 'एका दिवसात होईल' म्हणालो. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मेन बंद मागायला हवा होता. आणि गुरुवारी संध्याकाळी सुपरवायझरना सांगितलं, तुम्हाला फोन केला नाही. शुक्रवारी सकाळी कामगार हात बांधून बसलेले दिसले तेव्हा तुम्हाला कळलं. याबद्दल मनापासून माफी मागतो.

शुक्रवार-शनिवारची मजुरी बिलातून काढली आहे. केबल खरेदीच्या भावाने लावलीय, पावती सोबत पाठवलीय. नव्या केबलचं मेगर रीडिंग पॅनलच्या दारात आतून चिकटवलंय. अर्थ फॉल्ट रिले तुम्ही आणलात तर बसवायची मजुरी घेणार नाही. फक्त एखाद्या गुरुवारी दोन तास मेन बंद द्या.